जीवाणूंचं गणगोत

धानाच्या बांधीतल्या चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. त्यांतले एकमेकांचे सगेसोयरे कोण, हे ओळखायचं कसं? सूक्ष्मदर्शकाखाली काही गोल दिसतात, काही काडीसारखे. एवढ्यावरून नातं कळत नाही. मी मराठीत कविता लिहितो, पण माझं नाव ऐकूनच माझी भाषा ठरवून टाकणारे भेटतात. वरवरच्या खुणांची फसगत ही अशी असते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर स्नीथ यांनी १९५७ मध्ये जीवाणूंच्या अनेक गुणांची 'आहे-नाही' अशी नोंद करून त्यांचे गट पाडण्यासाठी संगणक वापरला. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेतल्या कार्ल वूज यांनी पेशीच्या आतला पुरावा पुढे आणला. प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रणा असते. जीवाणूंमध्ये तिचा एक भाग घडवणारं जनुक सुमारे दीड हजार रासायनिक अक्षरांचं असतं.

एखाद्या पोथीच्या हस्तलिखित प्रती आठवा. दोन प्रतींत तीच चूक त्याच ओळीत सापडली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असं आपण म्हणतो. संगणक हेच करतो. जनुकांच्या ओळी एकाखाली एक मांडून तो फरक मोजतो आणि वंशवृक्ष काढतो. हजार जीवाणू असले तर जोड्याच होतात सुमारे पाच लाख. माणसाच्या हातून ते कसं व्हावं?

इस्रोने एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. हैदराबादच्या सीसीएमबीने आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राने तिची स्वतंत्र तपासणी केली. तीत तीन जीवाणू नवे निघाले. एकाला आर्यभटाचं, एकाला इस्रोचं आणि एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव मिळालं. २००९ मध्ये हे जाहीर झालं.

पण एका जनुकावर सगळाच भरवसा ठेवता येत नाही. काळपुळीचा घातक जीवाणू आणि शेतकरी अळ्यांवर फवारतात तो बीटी जीवाणू, दोघांची ही दीड हजार अक्षरं जवळपास सारखीच असतात. एक जीव घेतो, दुसरा पीक राखतो. म्हणून आता जीवाणूची सगळी, लाखो अक्षरं ताडून पाहतात. अशाच तपासणीनंतर २०२० मध्ये आर्यभटाच्या नावाचा तो जीवाणू 'बॅसिलस' कुळातून 'प्रीस्टिया' या नव्या कुळात गेला.

संगणक अक्षरं मोजतो; कुळाची रेघ कुठे ओढायची हे माणूस ठरवतो. आणि नवा पुरावा आला की ती रेघ पुसायची तयारीही ठेवतो. ही तयारी माणसांच्या बाबतीतही आपण ठेवावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)