मेंदूज्वर : नाव एक, कारणे अनेक

पावसाळ्याच्या आरंभी खेड्यातील एखादे चार-पाच वर्षांचे मूल सायंकाळपर्यंत अंगणात खेळत असते. रात्री त्याला एकाएकी कडक ताप भरतो, उलट्या होतात, पहाटे आकडी येते, शुद्ध हरपते आणि रुग्णालयात पोहोचल्यावर काही तासांतच ते दगावते. गावात ‘मेंदूज्वर आला’ अशी वार्ता पसरते. तालुक्याहून पथक येते, धुरळणी होते, वर्तमानपत्रात मृतांचा आकडा छापून येतो. मूल नेमके कशाने गेले, या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘मेंदूज्वर’ या शब्दात सापडत नाही. खोकला हे जसे एका रोगाचे नाव नव्हे, तसे मेंदूज्वर हेही एका रोगाचे नाव नव्हे. ते एका अवस्थेचे नाव आहे.

आरोग्य खात्याच्या नोंदवहीत या अवस्थेला तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह असे म्हणतात. अचानक आलेला ताप आणि त्यासोबत शुद्धीत पडलेला फरक किंवा नव्यानेच आलेले झटके, एवढी लक्षणे दिसली की रुग्णाची नोंद या सदरात करावयाची असते. ही व्याख्या हेतुपुरस्सर व्यापक ठेवलेली आहे, कारण पहिले काम एकही रुग्ण न सुटू देण्याचे असते. तथापि नोंद झाली म्हणजे निदान झाले, असा समज पुष्कळदा करून घेतला जातो. गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपल्या देशात या विषयावर जे रुग्णसंशोधन झाले, त्यातून या समजाची किंमत किती मोठी असते हे दिसून आले आहे. या संशोधनाची एक कडी थेट महाराष्ट्राच्या भूमीत आहे.

नागपूरजवळ सापडलेला विषाणू

१९६५ साली नागपूर परिसरात डेंग्यू व चिकुनगुन्या या तापांची साथ चालू होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासत होते. हे केंद्र १९५२ साली स्थापन झाले आणि १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. चांदीपुरा येथील तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात डेंग्यूचा नव्हे, चिकुनगुन्याचाही नव्हे, असा एक निराळाच विषाणू आढळला. भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ज्या गावी तो सापडला त्याचेच नाव त्याला दिले. अलर्काच्या, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाच्या विषाणूशी त्याचे कूळ जुळते. सूक्ष्मदर्शकातून तो बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिसतो.

त्या वेळी या शोधाचा फारसा गाजावाजा झाला नाही. कोणत्याही मोठ्या रोगाशी संबंध नसलेला एक विषाणू, अशीच त्याची गणना झाली. १९७० साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) भागातील सॅण्डफ्लाय या बारीक माशीत तो आढळल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे १९८० साली मध्य प्रदेशातील मेंदूविकाराच्या साथीत तो रुग्णाच्या रक्तातून वेगळा करण्यात आला, तेव्हा काहींना त्याविषयी शंका आली. नोंदी होत होत्या, पण त्या कपाटात राहिल्या.

२००३ सालच्या जून ते ऑगस्ट या काळात तत्कालीन आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची भयंकर साथ पसरली. आज तेलंगणात असलेल्या करीमनगर व वरंगळ या जिल्ह्यांना तिची विशेष झळ लागली. ३२९ बालके आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. मरण पावलेल्या बहुतेक मुलांचा अंत रुग्णालयात दाखल झाल्यापासून दोन दिवसांच्या आत झाला. प्रारंभी संशय जपानी मेंदूज्वरावर होता, आणि तो स्वाभाविकही होता, कारण त्या भागाला हा रोग परिचित होता. परंतु नमुन्यांत त्याची खूण मिळेना. पुण्याच्या संस्थेत मग रुग्णांच्या नमुन्यांतून जो विषाणू वाढला, तो अडतीस वर्षांपूर्वी नागपूरजवळ सापडलेला चांदीपुराच होता. त्याच वर्षी महाराष्ट्रातही, २००४ साली पूर्व गुजरातेत आणि २००७ साली नागपूर विभागात मुलांमध्ये त्याचा प्रादुर्भाव झाला. गुजरातेतील त्या साथीत दर चार रुग्णांपैकी तीन वाचू शकले नाहीत.

या निष्कर्षावर मतभेद झाले, हेही येथे सांगितले पाहिजे. काही बालरोगतज्ज्ञांच्या मते ती मेंदूची सूज नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर झालेला आघात होता. असे वाद सामान्य वाचकाला निरर्थक वाटण्याचा संभव आहे. परंतु उपचार कोणत्या दिशेने करावयाचा हे या वादांवरच ठरते, म्हणून ते घातले जाणे इष्टच होय.

चांदीपुराचे निदान कठीण का जाते, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पुष्कळशा विषाणुजन्य रोगांत आपण रक्तातील प्रतिद्रव्ये शोधतो. शरीराला ती तयार करण्यास काही दिवस लागतात, आणि येथे मूल एक-दोन दिवसांतच जाते. प्रतिद्रव्ये निर्माण होण्यास अवकाशच मिळत नाही. त्यामुळे विषाणूच्याच जनुकद्रव्याचा शोध घ्यावा लागतो, आणि त्यासाठी रक्ताचा नमुना लवकर घेऊन बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत धाडावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात नमुना घेण्यास झालेला अर्ध्या दिवसाचा विलंब मागाहून कोणत्याही यंत्राने भरून काढता येत नाही.

ताप नव्हता, ही गोष्ट कोणी पाहिली?

बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्याची हकीकत याहून निराळी आहे. १९९५ सालापासून तेथे दर उन्हाळ्यात, लिची पिकण्याच्या दिवसांत, लहान मुले पहाटे झटके येऊन बेशुद्ध पडत. तेथेही लोक त्याला मेंदूज्वरच म्हणत आणि वर्षानुवर्षे विषाणूचा शोध चालू राहिला. विषाणू काही सापडला नाही.

काही वैद्यकीय संशोधकांनी मग मुलांच्या केसपेपरकडे नव्या दृष्टीने पाहिले. पुष्कळ मुलांना दाखल होताना ताप नव्हता. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात, जंतुसंसर्ग असता वाढावयास हव्या होत्या त्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या. रक्तातील साखर मात्र अतिशय खाली गेलेली होती. २०१४ सालच्या उन्हाळ्यात भारतीय व अमेरिकी रोगनियंत्रण संस्थांनी मिळून तेथे पद्धतशीर पाहणी केली. दोन रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली, त्यांपैकी १२२ मरण पावली. ज्यांची साखर दाखल होताना तपासली गेली, त्यांपैकी शेकडा ६२ मुलांची साखर कमी भरली. या आजाराच्या मुलांच्या आणि त्याच रुग्णालयांत मेंदूशी संबंध नसलेल्या इतर आजारांसाठी दाखल झालेल्या समवयस्क मुलांच्या पालकांना तेच ते प्रश्न विचारण्यात आले : मुलाने काल काय खाल्ले? रात्री जेवले होते काय? आजारी मुलांत दिवसभर बागेत लिची खाऊन रात्री उपाशी झोपलेल्यांचे प्रमाण अधिक निघाले.

लिचीत, विशेषतः तिच्या बीत व अपक्व फळात, असे एक द्रव्य असते की ते शरीराला चरबीपासून शक्ती मिळवू देत नाही व नवी साखर बनवू देत नाही. धडधाकट मुलाच्या यकृतात रात्रभर पुरेल एवढा साखरेचा साठा असतो. कुपोषित मुलाच्या यकृतात तो नसतो. पहाटेपर्यंत साठा संपतो आणि मेंदूची उपासमार होऊन आकडी येते. म्हणजे दोष एकट्या लिचीचा नव्हे. तेच फळ पोटभर जेवलेल्या मुलाला बाधत नाही, ते उपाशी मुलाला बाधते. यावर उपायही साधा निघाला. मुलाला रात्री जेवू घालावे आणि झटका आलेल्या मुलाची साखर तत्काळ तपासून शिरेतून ग्लुकोज द्यावे. या सूचना अमलात आल्यावर मृत्यू घटले. तथापि २०१९ च्या जून महिन्यात बिहारमध्ये पुन्हा दीडशेहून अधिक बालके दगावली. उत्तर सापडणे आणि ते प्रत्येक वाडीवर पोहोचणे, यांत अंतर असते.

अशीच एक लहानशी नोंद पश्चिम उत्तर प्रदेशातील आहे. तेथे दर हिवाळ्यात मुलांना ‘मेंदूज्वर’ होई. बिजनौरच्या बालरोगतज्ज्ञांनी चिकाटीने शोध घेतला, तेव्हा कारण निघाले कासविंद्याच्या शेंगा. रस्त्याकडेला उगवणाऱ्या या झुडपाच्या बिया मुले खेळता खेळता खात असत.

लस आली, तरी रुग्ण उरले

गोरखपूरच्या बाबतीत तर एका रोगाच्या आड दुसरा रोग लपलेला होता. जपानी मेंदूज्वर भातखाचरांतील क्युलेक्स जातीच्या डासांमार्फत पसरतो. पाणपक्षी व डुकरे यांच्या शरीरात त्याचा विषाणू वाढतो. २००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात त्याच्या साथीने हजाराहून अधिक बळी घेतले आणि २००६ पासून मुलांच्या लसीकरणाची मोठी मोहीम हाती घेण्यात आली. जपानी मेंदूज्वराचे रुग्ण घटले, परंतु पावसाळा आला की रुग्णालयाच्या खाटा भरतच राहिल्या. २०१५ साली तपासलेल्या नमुन्यांत निम्म्याहून अधिक मुलांमध्ये स्क्रब टायफस या तापाच्या खुणा सापडल्या. झुडपांत व गवतात राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्याच्या अळ्या चावल्याने तो होतो, आणि त्याचा जंतू डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन या साध्या, स्वस्त औषधांनी मरतो. वेळीच गोळी मिळाली तर ताप मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. आधीच्या वर्षांत विषाणू समजून ज्या मुलांना हे औषध दिले गेले नसेल, त्यांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले होते. त्यामुळे पावसाळ्यात चार-पाच दिवस न उतरणारा ताप आला आणि काखेत, जांघेत किंवा पोटावर विडीचा चटका बसल्यासारखा काळा व्रण दिसला, तर तो डॉक्टरांना अवश्य दाखवावा. तो दुखत नाही, म्हणून घरच्यांच्या ध्यानात येत नाही.

गावाच्या हाती काय आहे?

चांदीपुराचा प्रसार करणारी सॅण्डफ्लाय डासापेक्षा पुष्कळच लहान असते. ती साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आत येऊ शकते. तिची पैदास पाण्यात होत नाही. ओलसर माती, शेण व पालापाचोळा यांत होते. दिवसा ती मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात, अंधाऱ्या कोपऱ्यात बसते. दूरवर उडण्याची तिची शक्ती नाही. म्हणून डबकी बुजवल्याने ती हटत नाही आणि केवळ धुरळणीवर विसंबून चालत नाही. भिंतींच्या भेगा लिंपणे, उकिरडा घरापासून दूर नेणे, घराच्या व गोठ्याच्या भिंतींवर आतून कीटकनाशक फवारून घेणे, हे तिच्यावरील खरे उपाय होत. येथे एक अडचण वारंवार येते. फवारणीचा पांढरा थर भिंतीवर दिसतो, तो घरच्या बाईला आवडत नाही, आणि सणाच्या तोंडावर ती भिंत सारवून घेते. शेणमातीच्या त्या पोताऱ्याखाली औषध दडपले जाते. फवारणी पथकाबरोबर ग्रामपंचायत सदस्य स्वतः घरोघर गेले आणि कारण सांगितले, तर बायका ऐकतात. नुसती दवंडी पिटून ऐकत नाहीत.

चांदीपुरावर मान्यताप्राप्त लस वा खास औषध अद्याप नाही. तरीही झटके थांबवणे, ताप उतरवणे, साखर व पाणी यांचे प्रमाण राखणे आणि श्वासोच्छ्वास चालू ठेवणे यांवर पुष्कळ अवलंबून असते. आकडी आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावे, तोंडात चमचा, बोट वा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मोलाची मिनिटे जातात. भगताकडे अंगारा लावून मग दवाखाना गाठू, असे म्हणणाऱ्या घरी शाळेच्या गुरुजींचा शब्द कामी येतो. त्यांनी वाद न घालता आधी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णाबरोबर गावाकडून एक कागद गेला, तर संशोधकाला त्याचे मोल फार असते. ताप केव्हा आला, झटका किती वाजता आला, आदल्या रात्री मूल जेवले होते काय, रानात काय खाल्ले, घर मातीचे की विटांचे, गोठा किती जवळ, शेजारी आणखी कोणी आजारी आहे काय, एवढ्या गोष्टी आशा कार्यकर्तीने किंवा ग्रामसेवकाने लिहून द्याव्यात. मुझफ्फरपूरचे कोडे याच प्रकारच्या प्रश्नांतून सुटले. दुःखाने खचलेल्या आईला हे आठवड्याने विचारले, तर उत्तरे पुसट झालेली असतात.

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरात राज्यात पुन्हा साथ आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत भारतात तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूहाचे २४५ रुग्ण नोंदले गेले आणि ८२ दगावले. वर्तमानपत्रांनी या सर्वांना चांदीपुराची साथ म्हटले. प्रयोगशाळेत चांदीपुरा सिद्ध झाला तो ६४ रुग्णांत. उरलेल्या १८१ रुग्णांच्या नावापुढे त्या अहवालात लक्षणसमूहाचेच नाव राहिले.