पापणी लवण्याआधी

पापणी एकदा लवायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतोच. कॅनडात ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात गिट्टे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्याही निम्म्या वेळात माणसाच्या मनात काय घडतं ते मोजलं. त्यांनी लोकांना वेगवेगळ्या वेबसाइटची पहिली पानं फक्त ५० मिलिसेकंद दाखवली. एक ओळसुद्धा वाचून होत नाही एवढ्या वेळात. मग विचारलं, पान कसं वाटलं? हीच पानं दहापट जास्त वेळ दाखवली, तेव्हाची मतं आणि या झटक्यातली मतं बरीचशी जुळली. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१२ मध्ये बाझल विद्यापीठ आणि गूगलमधल्या संशोधकांनी वेळ आणखी खाली आणला, थेट १७ मिलिसेकंदांवर. तेवढ्यातही गजबजलेल्या पानांपेक्षा साधी पानं लोकांना जास्त आवडली.

मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे की, त्या वेळात डोळ्यांना पान नीट दिसलेलंही नसतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अगदी मधोमध एक चिमुकली जागा आहे, तेवढीच स्वच्छ पाहते. हात लांब करून अंगठा समोर धरला, तर त्याच्या नखाएवढा तुकडा आपल्याला एका वेळी स्पष्ट दिसतो. बाकी सारं धूसर. जग सलग आणि स्पष्ट वाटतं, कारण डोळे सेकंदाला तीनेक उड्या मारत तुकडे गोळा करत असतात. ५० मिलिसेकंदांत एकही उडी होत नाही. म्हणजे पहिलं मत बनतं ते त्या धूसर चित्रावरून: रंग कोणते, गर्दी आहे की मोकळीक, चित्र कुठे, मजकूर कुठे. मेंदू एवढाच ऐवज घेतो, आजवर पाहिलेल्या हजारो पानांशी ताडून पाहतो आणि कौल देऊन मोकळा होतो.

हे ताडून पाहणं म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्यायला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यासारखी दुसरी जागा नाही. इथल्याच नांदेड गावातले दादाजी रामाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराच्या आसपास जमीन असलेले शेतकरी. १९८३ मध्ये त्यांच्या बांधीत ‘पटेल-३’ हा धान उभा होता. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. जे. पी. पटेल यांनी काढलेलं हे वाण तेव्हा सगळीकडे चालायचं. त्या उभ्या पिकात दादाजींना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. त्यांनी त्या काढून जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात त्यांचे दाणे वेगळे पेरले, रानडुकरांपासून वाचवायला भोवती काटेरी कुंपण केलं आणि वर्षामागून वर्ष निवड करत बारीक, चवदार तांदळाचं एक नवं वाण उभं केलं.

बांधीत किती लोंब्या असतील आणि त्यात फक्त तीन! पण ती नजर रिकामी नव्हती. पऱ्हे टाकण्यापासून चुरण्यापर्यंत धानाची प्रत्येक अवस्था वर्षानुवर्षं पाहत आलेल्या माणसाची ती नजर होती, म्हणून फरक जाणवला आणि पाय थांबले. पहिल्या नजरेला आपण उथळ म्हणतो ते मला पटत नाही. तिच्यामागे पाहणाऱ्याचं सगळं आयुष्य उभं असतं. फक्त ती इतक्या वेगाने बोलते की कारण सांगायला थांबत नाही.

या तांदळाची पुढची गोष्ट तर थेट आपल्या विषयाची आहे. वाण शेजारपाजारच्या शेतांत पसरलं, उत्पन्न चांगलं आलं, पण त्याला नाव नव्हतं. बिननावाचं पोतं विकायचं कसं? १९९० च्या सुमारास तळोधीच्या एका व्यापाऱ्याने त्याचं बारसं केलं: एचएमटी. त्या काळी मनगटामनगटावर दिसणाऱ्या घड्याळाचं नाव. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली होती, आणि तीस वर्षांत ही तीन अक्षरं भरवशाची खूण होऊन बसली होती. तांदळाचा घड्याळाशी काडीचा संबंध नव्हता. तरी ते नाव वाचताच अनोळखी गिऱ्हाइकाच्या मनात घड्याळाचा भरवसा तांदळाकडे वळला असणार. तांदूळ महाराष्ट्राबाहेर छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्रापर्यंत गेला. घड्याळांचा व्यवसाय बंद करायचं केंद्र सरकारने २०१६ मध्ये ठरवलं; किराणा दुकानांत मात्र एचएमटी अजून मागितला जातो.

एका गोष्टीची चमक दुसरीवर पडते, हे मानसशास्त्रात एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच नोंदवलं होतं. अमेरिकी सैन्यातल्या अधिकाऱ्यांना त्यांनी हाताखालच्या माणसांची पारख करायला सांगितली: शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव, सगळ्याला वेगवेगळे गुण. अधिकाऱ्यांना ते वेगळं ठेवता येईना. एका बाबतीत वर असलेला माणूस बाकीच्या बाबतींतही वर जाऊन बसला. वेबसाइटचं पहिलं पान हेच करतं. ते आवडलं की पुढचा मजकूर मन मोकळं ठेवून वाचला जातो. खटकलं की तोच मजकूर संशयाने वाचला जातो. स्टॅनफर्डमध्ये बी. जे. फॉग यांच्या गटाने २००२ मध्ये २,६८४ लोकांना वेबसाइट विश्वासार्ह वाटते का, आणि का, असं विचारलं होतं. त्यांच्या ४६.१ टक्के अभिप्रायांत उल्लेख होता तो पानाच्या दिसण्याचा.

मोठ्या कंपनीला पान खटकलेलं एक वेळ परवडतं, कारण तिचं नाव गिऱ्हाइकाने आधीच शंभर ठिकाणी पाहिलेलं असतं. नागभीडच्या राईस मिलचं, आरमोरीकडच्या कोसा विणणाऱ्याचं, ताडोबाच्या वाटेवर दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या घराचं तसं नाही. बाजारात यांच्या मालाच्या पारखीची कितीतरी साधनं असतात. व्यापारी मूठभर धान तळहातावर घेतो, चोळतो, फुंकर मारून तूस उडवतो, दाणा दाताखाली धरतो, कणकी किती निघेल याचा अंदाज बांधतो. कोशाचं कापड तर बोटांनीच ओळखायचं: ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या अळीचा तो धागा, किंचित खरखरीत, मातकट सोनेरी. आणि विकणारा कोणाचा कोण हे गावाला ठाऊक असतं. पडद्यावर यातलं काही पोचत नाही. ना वास, ना स्पर्श, ना ओळख. पारखीचा सगळा भार एकट्या डोळ्यावर येतो, आणि डोळ्याने तर कौल आधीच देऊन टाकलेला असतो.

खरी हळहळ वाटते ती इथे. माल उत्तम असतो, वर्षभराची मेहनत असते, आणि पान असतं सरकत्या पट्ट्यांचं, लाल-पिवळ्या लुकलुकणाऱ्या अक्षरांचं, भलत्याच देशातल्या शेतकऱ्याच्या विकतच्या फोटोचं. पुण्यात बसलेला गिऱ्हाईक तांदूळ नाकारत नाही. तो तांदळापर्यंत पोचतच नाही.

कधी कधी तर पानापर्यंतही पोचत नाही. गूगलने २०१६ मध्ये आकडा दिला होता: मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर ५३ टक्के भेटी तिथेच संपतात. अशा वेळी कोरा पांढरा पडदा हीच पहिली ओळख. कॅमेऱ्यातून निघालेला भलामोठा फोटो तसाच चढवला की हे हमखास होतं. जंगलपट्ट्यातल्या गावात, जिथे रेंजसाठी धुऱ्यावर जाऊन उभं राहावं लागतं, तिथे तर फोटो लहान करून टाकणं हे रंगसंगतीपेक्षा मोठं काम आहे.

बाझलच्या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली होती. साधेपणाच्या जोडीला लोकांना ओळखीचं वळण आवडतं. तांदळाचं दुकान तांदळाच्या दुकानासारखं दिसावं, एवढीच नजरेची अपेक्षा असते. म्हणजे पहिल्या पडद्यावर फार काही लागत नाही. आपल्याच तांदळाचा, दिवसाच्या उजेडात घेतलेला एक फोटो, दाणा दिसेल इतक्या जवळून. वाण कोणतं, किलोचा भाव काय, फोन कुठे करायचा. आणि गावाचं नाव, तालुक्यासकट.

गावाच्या नावावर मी अडून बसेन. एचएमटी हे नाव धावलं, पण त्या नावात नांदेड नव्हतं, दादाजी नव्हते. पोतं पाहून तांदूळ घेणाऱ्या घरांना तो कोणाच्या बांधीतून आला हे कळायला वाटच नव्हती. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये त्यांचा गौरव केला, फोर्ब्सने २०१० मध्ये ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, आणि ३ जून २०१८ रोजी ते गेले. एचएमटीनंतरही त्यांनी वाणं काढली होती: नांदेड-९२, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके. गाव नावातच आलं, आणि डीआरके म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. यातलं एखादं वाण आज नागभीडहून कोणी विकत असेल, तर त्याने दाण्याच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत हे तिन्ही शब्द पूर्ण लिहावेत, आणि खाली: नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर.