आवाज नेमका कुठे फाटतो?

सोयाबीनचा पैसा हाती आला की वाशिम, कारंजा, रिसोडच्या दुकानांतून होम थिएटरची खोकी घरोघर पोहोचतात. खोक्यावर पीएमपीओ वॅटचा हजारांतला आकडा ठळक छापलेला असतो. हळू लावलं तर गाणं गोड वाटतं. पाहुणे जमतात, कुणीतरी आवाज वाढवतं आणि 'स', 'श' कानाला टोचू लागतात. घरातल्या घरात निदानही होऊन जातं : स्पीकर फाटला. पुष्कळदा स्पीकर निर्दोष असतो.

दमलेला असतो तो अ‍ॅम्प्लिफायर. पीएमपीओ मोजायला सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे तो आकडा सोडून द्यावा आणि आरएमएस वॅट पाहावेत. आवाज कानाला दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. 2 वॅटवर रंगलेली मैफल दुप्पट मोठी करायची तर 20 वॅट हवेत. तेवढे नसले की ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात. या कापाकापीत मूळ गाण्यात नसलेले चिरके स्वर तयार होतात आणि उंच स्वरांच्या नाजूक स्पीकरवर, म्हणजे ट्विटरवर, जास्तीचा भार पडतो. बेसचं बटण 6 डेसिबलनं चढवलं तर त्या पट्टीत चौपट शक्ती खर्च होते. म्हणून आधी बेस आणि ट्रेबल मध्यावर आणावेत. एवढ्यानंच कर्कशपणा गेला तर रोग सापडला.

विजेकडेही बघायला हवं. हरभरा-गव्हाच्या ओलितात, पंपांच्या डीपीवरच वस्तीची लाइन असेल तर दाब घसरतो. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले, तर त्याची कमाल ताकद जवळजवळ 40 टक्क्यांनी उतरते. दुपारी फाटणारं तेच गाणं, त्याच आवाजात, दाब पूर्ण असताना लावून पाहावं. स्टॅबिलायझरवाल्याकडे जायचं की स्पीकरवाल्याकडे, हे मग आपोआप ठरतं.

खोलीचा वाटाही मोठा असतो. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, वर स्लॅब : उंच स्वर सगळीकडून परत येतात. माणसाचा कान 3 ते 4 हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत तिखट असतो, आणि टोचणी बरीचशी तिथलीच. वर टीन असेल तर पत्राही आपला सूर लावतो. समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगून ऐकावं. फरक पडला तर पडदे घ्यावेत, नवा स्पीकर नको.

गाणंही तपासावं. मोबाइलवर फिरत फिरत आलेली, दाबून लहान केलेली फाइल मोठ्या आवाजात उघडी पडते. दुसरं, चांगल्या प्रतीचं गाणं लावताच त्रास थांबला, तर यंत्राला हात लावू नये.

एवढं करूनही एकाच बाजूनं खरखर येत असेल, तर यंत्र बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल कराव्यात. खरखर जागची हलली नाही तर दोष स्पीकरचा. दुसऱ्या बाजूला गेली तर अ‍ॅम्प्लिफायरचा किंवा त्याच्या मागचा. स्पीकरच ठरला, तर वूफरचा कागदी कोन बोटांनी चहूबाजूंनी सारखा, हलकेच दाबावा. घासल्याचा आवाज आला की कॉइल सरकली आहे किंवा आत कचरा गेला आहे. ट्विटरला मात्र बोट लावू नये. वायर सोडवलेला 8 ओहमचा एकटा वूफर चांगला असेल तर मल्टिमीटरवर 6 ते 7 ओहम दाखवतो. काटा हललाच नाही तर कॉइल तुटली, आणि ती मेकॅनिककडून नवी बसवून घेता येते.