हळू खा रे, राजा!

तुमच्या घरचा कुत्रा एक बाऊल खाणं किती सेकंदांत संपवतो? गंमत म्हणून आज मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बघाच. आमच्या ब्रुनोचा बेस्ट टाइम आहे ३८ सेकंद. दोन कप ड्राय फूड, वर थोडं उकडलेलं चिकन, आणि ३८ सेकंदांत बाऊल चाटूनपुसून लख्ख. मग एक दणदणीत ढेकर. मग 'बाकीचं कुठाय?' असा चेहरा. आणि आठवड्यातून एखाददा, पाचेक मिनिटांनी, हॉलमधल्या गालिच्यावर सगळा माल जसाच्या तसा परत. दाणे अख्खेच्या अख्खे. ते बघून आपण फडकं आणायला धावतो, तोवर साहेबांनी दुसरा राऊंड सुरू केलेला असतो.

ब्रुनो चार वर्षांचा लॅब्रेडॉर. हा किस्सा ऑफिसच्या कँटीनमध्ये सांगितला की लॅबवाली मंडळी हमखास हसतात, कारण प्रत्येकाच्या घरी असाच एक व्हॅक्युम क्लीनर आहे. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट मात्र ही नाही. ती कशी, ते सांगतो. पण आधी, हे असं का खातात?

मुळात कुत्र्याचे दात फाडायला आणि तोडायला केलेले. आपल्यासारखं बत्तीस वेळा चावणं त्याच्या फंड्यात बसतच नाही. त्यात त्याचे पूर्वज कळपात जेवणारे. शेजारी दुसरं तोंड असेल तर जो हळू खातो तो उपाशी राहतो. ब्रीडरकडे आठ-दहा पिल्लं एकाच थाळीत तोंड घालून वाढतात, तिथे हा धडा पहिल्या महिन्यातच पक्का होतो. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचं तर विचारूच नका. संत नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. कुत्रं पोळी पळवतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावतात, कोरडी खाऊ नकोस म्हणून. भक्तीचा भाग बाजूला ठेवा आणि क्षणभर त्या कुत्र्याच्या बाजूने बघा. त्याला तूप नको होतं, एकांत हवा होता!

लॅब्रेडॉरचं प्रकरण आणखी वेगळं. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या एलेनॉर रॅफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवण्याच्या साखळीतलं हे जनुक. त्याच गटाने २०२४ मध्ये पुढचं सांगितलं. अशा लॅबना दोन जेवणांच्या मधल्या वेळात जास्त भूक लागते, आणि नुसतं पडून असताना त्यांचं शरीर साधारण २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतं. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. तेव्हा तुमचा लॅब 'हावरट' आहे असं म्हणण्याआधी जरा थांबा. बिचाऱ्याला खरंच भूक लागलेली असू शकते.

हे सगळं वाचून माहीत होतं. डोक्यात नीट शिरलं ते घनसावंगीला.

आमचं गाव जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं. समर्थ रामदासांचं जांब याच तालुक्यात. दक्षिणेला गोदावरी, आणि आसपास ऊस, कपाशी आणि मोसंबीच्या बागा. मागच्या दिवाळीत ब्रुनोला गाडीत घालून गावी गेलो. पहिल्याच संध्याकाळी त्याने ओसरीवर आपला ३८ सेकंदांचा परफॉर्मन्स दिला. आजी कंबरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "आरं, याला उपाशी ठेवायलास का तिकडं? कोण हिसकावून घ्यायलंय याच्याजवळचं?"

मग मी तिच्याकडच्या कुत्र्यांचं जेवण बघितलं. आजी भाकरी कधीच अख्खी टाकत नाही. चतकोर मोडायची, टाकायची, ती संपली की पुढची. ज्वारीची शिळी भाकरी वाळून कडक झालेली असते. कुत्रं ती पुढच्या दोन पायांत धरून निवांत बसतं आणि कुरतडत राहतं. एक भाकरी सहज दहा मिनिटं पुरते. शेतातल्या आखाड्यावर काकांचा करवानी आहे. उंच, सडपातळ, कंबर आत ओढलेली आणि छाती खोल. रानडुकरांपासून उसाची राखण करणारा. त्याला काका दूध-भाकरीचा काला घालतात, पण खोल भांड्यात नाही, मोठ्या परातीत पसरून. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "खोलात तोंड घातलं की गपागपा गिळतंय आन् ठसका लागतोय त्याला."

दुसऱ्या दिवशी ब्रुनोचं ड्राय फूड मी त्याच परातीत एकेरी थरात पसरलं. स्टॉपवॉच लावलं. चार मिनिटं! जीभ फिरवून एकेक दाणा गोळा करावा लागला की गिळण्याचा वेग आपोआप पडतो. स्लो फीडर बाऊलच्या मागचं लॉजिक एवढंच आहे.

हे कौतुक चाललं असताना काकांनी शेजारच्या आखाड्यावरच्या करवानीची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात गावात लग्न होतं. पंगती उठल्यावर उरलेल्या भात-वरणावर आणि बुंदीवर कुत्र्यांची झुंबड उडाली. हा पठ्ठ्या पोटाला तडस लागेपर्यंत गिळून आखाड्यावर परतला. रात्री दहाच्या सुमाराला अस्वस्थ झाला. बसेना, झोपेना. सारखा ओकायला बघतोय, पण तोंडातून नुसती लाळ. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. मालकाने बैलाच्या पोटफुगीला करतात तेच केलं, गोडंतेल पाजलं. पहाटेपर्यंत कुत्रा गेला.

ही लक्षणं वाचून कुठल्याही व्हेटच्या डोळ्यांसमोर एकच नाव येईल. ब्लोट. पोटात हवा, पाणी आणि अन्न भरून जठर फुगतं, आणि पुष्कळदा स्वतःभोवती पीळ खातं. पीळ बसला की वरची वाट बंद आणि खालचीही बंद. म्हणून ओकारी येते, पण बाहेर काही पडत नाही. फुगलेलं जठर मोठ्या शिरांवर दाब देतं, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि कुत्रा शॉकमध्ये जातो. काही तासांत खेळ खलास. बैलाच्या पोटफुगीत फेसाळलेला वायू तेलाने मोकळा होतो, म्हणून तिथे तेल चालतं. इथे वाटच बंद असते. पाजलेलं तेल जठरात पोचत नाही, फुप्फुसात जायची भीती मात्र असते. ओवा, सोडा, ताक यांचंही तेच. यावर उपाय एकच. ताबडतोब डॉक्टरकडे नेऊन जठरातली हवा काढणं, आणि पीळ असेल तर ऑपरेशन. त्यातच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधतात, म्हणजे पुन्हा पीळ बसू नये.

आता भूगोल बघा. तालुक्याच्या गावातला सरकारी दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी, आणि तोही दिवसा. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर आहेत. पण रात्री दहाला, आखाड्यावरून, ३० किलोचं तडफडणारं जनावर घेऊन निघायचं कशात? मोटरसायकलवर? पुण्या-मुंबईत निदान गाडी काढून तासाभरात कुठेतरी पोचता येतं. गावात मात्र ब्लोट होऊ न देणं हाच काय तो इलाज.

आणि इथेच खाण्याचा वेग येतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात लॅरी ग्लिकमन यांच्या गटाने ११ मोठ्या जातींच्या १,६३७ कुत्र्यांवर लक्ष ठेवलं. २००० साली निष्कर्ष छापून आले. वाढतं वय, आई-बाप-भावंडांत कुणाला झालेला ब्लोट, भराभर खाणं आणि उंचावर ठेवलेलं भांडं, या चारही गोष्टींनी धोका वाढलेला दिसला. शेवटची वाचून मी चमकलोच. पेट शॉपमध्ये ते स्टायलिश स्टँडवाले बाऊल 'मानेला आराम' म्हणून विकतात ना? मोठ्या जातीचा कुत्रा असेल आणि मानेचं किंवा अन्ननलिकेचं काही दुखणं नसेल, तर मी ते पैसे वाचवीन. खोल छातीच्या जातींना धोका सगळ्यात जास्त. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन. आपला करवानीही त्याच बांध्याचा. लॅबला कमी, पण सुटका नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर स्लो बाऊल आणला म्हणजे ब्लोटचा विमा उतरवला असं अजिबात नाही. तो फक्त वेग कमी करतो. त्याच्या जोडीला दिवसाचं खाणं एकदम न घालता दोन-तीन वेळा विभागून द्या, आणि पोटभर जेवणानंतर लगेच धावपळ नको. पण काही शे रुपयांत, वाढण्याची पद्धत फारशी न बदलता, वेगाचा प्रश्न सुटत असेल तर का नाही?

दुकानात गेलात तर चक्रव्यूह, पाकळ्या, लाटा असे नाना प्रकार दिसतील. रंगावर जाऊ नका, खोबणी बघा. लॅब, शेफर्ड अशा लांब तोंडाच्यांना खोल खोबणी चालते. पगला ती चालत नाही. २००३ मधल्या हचच्या जाहिरातीनंतर घरोघरी आलेल्या त्या चपट्या नाकाच्या प्राण्याचं तोंड आत पोचतच नाही, त्याला उथळ उंचवटे हवेत. बुडाला रबर असलेला घ्या. नाहीतर हुशार कुत्रा दोन दिवसांत बाऊल उलटा करायला शिकतो आणि फरशीवरचं खाऊन तुमच्याकडे विजयी मुद्रेने बघतो. प्लॅस्टिक चावणारा असेल तर स्टीलचा शोधा. आणि दही-भात घालणार असाल तर एक जुना टूथब्रश बाजूला काढून ठेवा, कारण त्या कोपऱ्यांत अडकलेला भात दुसऱ्या दिवशी काय वास मारतो ते मी इथे लिहीत नाही.

एकदम अवघड डिझाइनने सुरुवात नको. आधी सोपं. कुत्रा चिडून भुंकायला लागला किंवा खाणं सोडून निघून गेला, तर आपणच पायरी खाली उतरायची. हिरड्या दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला हा उद्योग नकोच.

बाऊल नाही मिळाला? स्वयंपाकघरात बघा. इडलीपात्राची ताटली झक्कास चालते. जुनं बिडाचं अप्पेपात्र तर सॉलिडच, जड असल्यामुळे हलतही नाही. (नॉनस्टिक नको, दातांनी खरवडतं.) साध्या बाऊलमध्ये एक मोठा गुळगुळीत गोटा ठेवला तरी काम होतं, फक्त तो कुत्र्याच्या तोंडात मावता कामा नये. मी पाट्यावरच्या वरवंट्याची आयडिया काढली होती. आजीने ज्या नजरेने बघितलं, त्यानंतर तो विषय कायमचा संपला. ड्राय फूड असेल तर जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे लपवा, अंगण असेल तर गवतात विखरा. ब्रुनोला हा शोधाशोधीचा खेळ बाऊलपेक्षा जास्त आवडतो. आणि जेवण दहा मिनिटं चाललं की त्यानंतरचं ते 'बाकीचं कुठाय?' बरंच कमी होतं.

घरात दोन कुत्री असतील तर मात्र आधी त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत जेवू घाला. शेजारी प्रतिस्पर्धी उभा असताना जगातला कुठलाही चक्रव्यूह वेग कमी करू शकत नाही. आणि इतकी वर्षं निवांत खाणारा कुत्रा अचानक तुटून पडायला लागला, तर बाऊल नको, डॉक्टर हवा. जंत, डायबेटिस, हॉर्मोन्सची गडबड किंवा चालू असलेलं स्टेरॉइड, यांपैकी काहीही असू शकतं.

गावाहून निघताना काकांना एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली. पोट ताणलंय, ओकारी येतेय पण पडत काही नाही, कुत्रा बसत नाही, हे दिसलं तर तेल नाही, काही नाही, आधी फोन. खाली रात्री उचलणाऱ्या डॉक्टरांचे दोन नंबर, आणि गावातल्या पिकअपवाल्याचा एक. कागद आखाड्यावर, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. माझ्या मोबाइलमध्येही तेच नंबर आहेत. शिवाय पुण्यातला एक आणि वाटेतल्या अहिल्यानगरचा एक.