नाना, नाग्या आणि मनाचे मास्तर

देहूरोडहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल बेगडेवाडी, घोरावाडी करत तळेगावला येते. गो. नी. दांडेकर राहायचे ते हेच तळेगाव. त्यांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीवर जब्बार पटेलांनी १९७७ साली चित्रपट केला. राणीमाशीचा सूड घ्यायला लिंगोबाच्या डोंगरावर चढू पाहणारा ठाकरवाडीतला ढोलवाला नाग्या आमच्या पिढीने त्यात पाहिला. स्मिता पाटील चिंधी होती, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं होतं आणि नाग्या होते डॉ. मोहन आगाशे. पडद्यावर ढोल बडवणारा हा माणूस पेशाने मनोविकारतज्ज्ञ आहे, हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होतं.

गायक किंवा वादक म्हणून आगाशे यांना कुणी ओळखत नाही. पण त्यांच्या उमेदीच्या वर्षांतलं त्यांचं रंगकाम सुरातालातच घडलं, आणि पुढचं आयुष्य मनाचे आजार शिकवण्यात गेलं. या दोन गोष्टींचा सांधा मला महत्त्वाचा वाटतो.

१९४७ साली जन्मलेले आगाशे पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. शिक्षण चालू असतानाच ते नाटकात रमले होते. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा त्यांचं वय अवघं पंचवीस. वाट्याला आला नाना फडणवीस : वयस्क, रंगेल आणि तितकाच धूर्त. लेखन तेंडुलकरांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. रंगमंचावर ब्राह्मणांची रांग डोलत, गात उभी राहते आणि तीच भिंत होते, तोच पडदा होतो. ती रांग फोडून नाना लटपटत, ठुमकत पुढे येतो, तेव्हा सत्तेचा माज आणि म्हाताऱ्या देहाची हाव ताल धरून चालताना दिसतात. नानाच्या डोक्यात काय चाललंय हे संवादांआधी पावलं सांगतात. माणसाचं मन त्याच्या चालण्याबोलण्यातून वाचायचं, हे पुढे ज्याला रोजचं काम म्हणून करायचं होतं, त्याला याहून चांगली शाळा कुठली मिळणार?

१९ प्रयोगांनंतर नाटक करणाऱ्या पीडीए या संस्थेने ते थांबवलं. मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकादमी निघाली आणि पुढच्या वर्षी ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं. १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळी विरोधाचा केवढा गदारोळ झाला, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या वादावर पुरेसं लिहून झालं आहे. इथे त्याची उजळणी नको.

१९८६ च्या सुमारास आगाशे यांनी बर्लिनचं ‘ग्रिप्स’ बालनाट्य मॅक्स म्युलर भवनच्या मदतीने पुण्यात आणलं. त्यात मोठे नटच मुलांच्या भूमिका करतात, मधूनच गाणी येतात आणि विषय असतात मुलांच्या खऱ्याखुऱ्या अडचणी. ‘छान छोटे वाईट मोठे’ हे नावच सगळं सांगून जातं. राक्षस-परीच्या गोष्टींना सरावलेल्या आपल्या बालरंगभूमीला हे नवं होतं. मनाचा डॉक्टर नाटकवाल्यांत असल्याचा फायदा इथे दिसला.

दवाखान्याच्या बाजूलाही काम वाढत होतं. बी. जे. मध्ये ते मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९९१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली, तिचे संस्थापक संचालकही. त्या काळात आपल्याकडे मनाच्या आजाराची चर्चा ‘येरवड्याला धाडा’ या एका टोमण्यात आटपायची. देहूरोड काय, वडगाव काय, घरातलं माणूस विचित्र वागू लागलं की आधी देवऋषी, मग उपासतापास आणि सगळं करून थकल्यावर डॉक्टर. ही नजर बदलायला एक आपत्ती यावी लागली : ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. घरं बांधून दिली तरी माणसं आतून सावरत नाहीत, याकडे महाराष्ट्राने तेव्हा कुठे गांभीर्याने पाहिलं.

१९९७ पासून पाच वर्षं आगाशे यांनी फिल्म इन्स्टिट्यूट सांभाळली. पद्मश्री आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आधीच मिळाला होता. पण माझ्या मते त्यांची खरी शिकवणी त्यानंतरची आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्याबरोबर त्यांनी निर्माता आणि नट म्हणून केलेले चित्रपट हीच ती शिकवणी. ‘कासव’ नैराश्याबद्दल आहे. २०१६ चं सुवर्णकमळ त्याला मिळालं. ‘दिठी’ची गोष्ट तरणा मुलगा गमावलेल्या वारकऱ्याची, दि. बा. मोकाशींच्या कथेवरची. देहूच्या शेजारी राहणाऱ्यांना तिचा संदर्भ समजावून सांगावा लागत नाही.

यातला मला सर्वांत जवळचा ‘अस्तु’. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतपंडित चक्रपाणी शास्त्री मोटारीतून उतरतात आणि रस्त्याने चाललेल्या हत्तीच्या मागे निघून जातात. मुलगी शहरभर शोधत फिरते. इकडे माहुताची बायको, अमृता सुभाषने केलेली कन्नड बोलणारी चन्नम्मा, या परक्या म्हाताऱ्याला लेकरासारखं जपते. तिला आजाराचं नाव माहीत नाही आणि त्याची विद्वत्ताही. शास्त्रीबुवांचा चेहरा तेव्हा अगदी निवांत दिसतो. रुग्णाला आठवण करून देत बसण्यापेक्षा तो आत्ता जिथे आहे तिथे त्याला सोबत करा, हा धडा वर्गातल्या तासापेक्षा या प्रसंगाने जास्त लोकांपर्यंत पोचवला असेल.

मावळात आज प्रत्येक गावात गणेश मंडळ आहे आणि बहुतेक ठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघही. त्यांना एक विनंती : उत्सवातली एक संध्याकाळ ऑर्केस्ट्राऐवजी ‘अस्तु’ला द्या, आणि चित्रपट संपल्यावर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला जवळपासचा एखादा मनोविकारतज्ज्ञ बोलवा. घरात विसरभोळं माणूस असलेली कुटुंबं आधी पुढच्या रांगेत बसवा.