नंबर लागेपर्यंत

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातील आष्टी हे गाव १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे साऱ्या महाराष्ट्राला परिचित झाले. परंतु रेल्वेचे भाग्य काही त्याच्या वाट्याला आले नाही. पुलगावहून निघणारी अरुंद मार्गाची गाडी आर्वीला येऊन थांबे आणि नागपूर-अमरावती हमरस्ता तळेगावावरून परस्पर निघून जाई. त्यामुळे ज्या शिक्षकाला वर्ध्याच्या कचेरीत किंवा ज्या संत्रा-बागाइतदाराला नागपूरच्या बाजारात वेळेवर पोचायचे असे, त्याने एक तर एसटीच्या वेळापत्रकाला शरण जावे, नाहीतर स्वतःचे वाहन बाळगावे, एवढेच दोन मार्ग शिल्लक राहत. वाहन बाळगायचे म्हणजे पैसे साठवायचे, असे आजच्या वाचकाला वाटेल. १९६० नंतरच्या दोन-अडीच दशकांत मात्र पैसे साठवणे हा त्या व्यवहारातला सर्वांत सोपा भाग होता.

१९५१ च्या औद्योगिक विकास व नियमन कायद्यान्वये कोणी काय बनवावे आणि किती बनवावे, याचा निर्णय दिल्लीच्या दफ्तरात होत असे. मोटारसायकलींत मद्रासची एनफिल्ड, म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत, स्कूटरींत भांडुपच्या कारखान्यातली लँब्रेटा आणि पुण्याजवळच्या आकुर्डीची व्हेस्पा, एवढ्या मोजक्या नावांवर अवघ्या देशाची भूक भागवायची होती. आणि कारखानदाराने परवान्यातील आकड्याच्या फार पुढे जाऊन उत्पादन केले, तर ते कर्तृत्व न समजता कसूर समजण्यात येई.

यातील व्हेस्पाचे वर्धा जिल्ह्याशी असलेले नाते मोठे विलक्षण आहे. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनी दत्तक घेतलेले जमनालाल बजाज हे गांधीजींना वर्ध्यास आणणारे म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. त्याच बच्छराजांच्या नावाने १९४५ मध्ये ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही पेढी निघाली, तिने १९४८ पासून परदेशी दुचाकी-तिचाकी वाहने आणून विकली, १९५९ मध्ये उत्पादनाचा सरकारी परवाना मिळविला आणि इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा बांधावयास घेतली. जमनालालांचे चिरंजीव कमलनयन बजाज १९५७ पासून १९७१ पर्यंत लोकसभेत वर्ध्याचेच प्रतिनिधित्व करीत होते. म्हणजे कारखान्याचा मूळ पुरुष आपल्या जिल्ह्याचा आणि कारखानदार आपला खासदार, अशी स्थिती असूनही आष्टीच्या मास्तरांना रांग चुकली नाही. ज्या कायद्याने मास्तरांचे हात बांधले होते, त्यानेच खासदारांच्या कारखान्याचेही बांधले होते.

रांगेचे शास्त्रही स्वतंत्र होते. १९६० च्या स्कूटर वितरण व विक्री नियंत्रण हुकुमाने विक्रेत्याकडे नोंदवही आली. नाव नोंदवायचे तर टपाल कार्यालयात बचत खाते उघडून त्यात २५० रुपये अनामत ठेवावी, ते पासबुक विक्रेत्याच्या नावे तारण करून द्यावे आणि नंबर लागेपर्यंत स्वस्थ बसावे, अशी ती रीत होती. हे स्वस्थ बसणे चांगल्या चालीच्या गाडीसाठी दहा-दहा वर्षे लांबे. काही गाड्या सरकारी नोकरांसाठी राखून ठेवलेल्या असत. एखाद्याचा आप्त विलायतेत असला आणि त्याने परकीय चलनात रक्कम पाठविली, तर त्याचा नंबर सर्वांच्या पुढे लागे. कारण देशाच्या तिजोरीला त्या काळी स्कूटरपेक्षा डॉलर अधिक दुर्मीळ होते. आष्टीच्या ज्या कुटुंबातला कोणी मुंबईपलीकडे गेला नव्हता, त्याला हा दरवाजा अर्थातच बंद होता.

टंचाईची कारणमीमांसा करताना बहुतेक लोक काळाबाजारवाल्यांना शिव्या घालून मोकळे होतात. मला ते अपुरे वाटते. वस्तू थोडी, घेणारे पुष्कळ आणि किंमत मात्र नियंत्रित, असे झाले की त्या किमतीत आणि लोक द्यायला तयार असलेल्या किमतीत जे अंतर पडते, ते कोणाच्या तरी खिशात जाणारच. कारखानदाराला ते घेऊ दिले नाही, तर ज्याचा नंबर आधी लागला तो घेतो. म्हणूनच नवी कोरी गाडी कारखान्याच्या भावात घेऊन दुसऱ्याच दिवशी ‘प्रीमियम’वर विकणारे निघाले, वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग झाली आणि लग्नाच्या बैठकीत स्कूटरच्या नोंदणीच्या पावतीलाही मोल आले. वशिला हेही एक चलनच होते, आणि ते ज्याच्यापाशी नव्हते त्याने आपल्या आयुष्याची वर्षे मोजून फरक चुकता केला.

१९६८ मध्ये कमलनयन यांचे चिरंजीव राहुल बजाज यांनी कारखान्याची सूत्रे हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी मक्तेदारीविरोधी कायदा संमत होऊन विस्ताराच्या वाटेत आणखी एक चौकी बसली. लोकांना हवी असलेली वस्तू जास्त बनविली म्हणून तुरुंगात जावे लागले तरी जाऊ, असे ते उघड बोलत. ज्यांच्या आजोबांनी स्वातंत्र्यासाठी कारावास पत्करला होता, त्यांच्या तोंडी हे बोल खोटे वाटत नसत. पियाज्जोशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ आली. १९७५ मध्ये राज्य शासनाच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाच्या भागीदारीत साताऱ्यास महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन होऊन ‘प्रिया’ बनू लागली. तरीही आकडे पाहावेत: बजाजची एक लाखावी गाडी बाहेर पडावयास १९७० साल उजाडले, पुढे १९७७ मध्ये वर्षाला एक लाख आणि १९८६ मध्ये वर्षाला पाच लाख गाड्या निघाल्या. तीच माणसे आणि तोच देश असताना हे घडले, यावरून मधल्या काळात अडथळा कोठे होता ते उमगते.

१९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याच्या शंभर सीसीच्या मोटारसायकली आल्या आणि रांग विरू लागली. काळ्या जमिनीतल्या पांदणीत स्कूटरची लहान चाके रुतत, तेथे थोड्या पेट्रोलात लांब पल्ला गाठणारी मोटारसायकल शेतकऱ्याला आपोआप पटली.

रांग मात्र अजूनही अधूनमधून डोके वर काढते. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली, तेव्हा सुमारे ६ लाख ७० हजार दुचाकी शिल्लक होत्या; घसघशीत सवलती जाहीर होताच दोन दिवस दुकानांपुढे झुंबड उडाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तोही ऐन नवरात्राच्या तोंडावर. त्यामुळे खोळंबलेले सारे ग्राहक एकाच मुहूर्तावर दाराशी आले. दसरा, धनत्रयोदशी आणि पाडवा या तीन दिवसांची गर्दी हीच आजची नोंदवही होय. तिच्यात नाव घालताना अनामतीची पावती मागून घ्यावी आणि तीवर गाडीचे मॉडेल, रंग व मिळण्याची मुदत लिहून घ्यावी. विमा विक्रेत्याकडूनच उतरवावा असे बंधन नाही; ‘हँडलिंग’ म्हणून मागितलेली रक्कम सरकारी आकार नव्हे; हेल्मेट गाडीबरोबर पुरविण्याची जबाबदारी नियमाने उत्पादकावर आहे. आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी नमुना २१ चे विक्री प्रमाणपत्र वाचावे, कारण त्यात निर्मितीचा महिना व वर्ष लिहिलेले असते, आणि सणाच्या घाईत गेल्या वर्षीची गाडी नव्या भावाने गळ्यात पडण्याचा संभव असतो.