मांड्याचं वजन

वर्गाच्या खिडक्यांना काळे कागद लावलेत, तरी जळगावचं मे महिन्यातलं ऊन फटींतून आत येतंच आहे. पडद्यावर शिरपूरच्या मुलीची 40 सेकंदांची फिल्म संपते. चुलीवर पालथं खापर, त्यापुढे आजी, आणि तिच्या हातांवर झुलत मोठा होत जाणारा पुरणाचा मांडा.

"मस्त!" "भारी!" "कलर छान!"

सर हात वर करतात. "छान सोडून बोला. काय दिसलं ते सांगा." मुलगी वही उघडून बसली आहे. सगळ्यांचं होईपर्यंत तिने बोलायचं नाही, असा इथला नियम.

मला हा नियम फार पटतो. सेकंदाला 24 फ्रेम, दर दोन फ्रेमला एक चित्र, म्हणजे या पोरीची 480 चित्रं झाली. ती 'मस्त' या एका शब्दात निकालात काढणं हा सरळ अन्याय आहे.

"आजी मांड्याकडे बघतच नाही, आपल्याकडे बघते," मागून कुणी म्हणतं. ती लिहून घेते. धुळ्याचा एक मुलगा जरा चुळबुळतो आणि घरच्या बोलीतच बोलून जातो, "मांडा इतला हलका नही ऱ्हास."

"कुठे? दाखव," सर म्हणतात.

तो पुढे येतो. सर एकेक फ्रेम सरकवतात. मांडा डाव्या कोपरावरून उजव्या कोपरावर जातो, प्रत्येक चित्रात सारख्याच अंतराने, ओढणी सरकावी तसा. मुलगा मोबाइल काढतो. आखाजीला त्याची आई मांडे करताना काढलेला व्हिडिओ आहे. सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. पुरणाने मध्यभाग आधी खाली ओढला जातो, कड मागे राहते आणि हात थांबल्यावर येऊन लोंबते. आईचा खांदाही किंचित झुकतो.

भिंतीवर अ‍ॅनिमेशनच्या 12 तत्त्वांचा तक्ता आहे, डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981च्या पुस्तकात मांडलेल्या. शरीर थांबलं तरी सैल भाग मागून हलत राहतो, हे त्यातलंच एक. सगळ्यांना ते पाठ आहे. दिसतंय मात्र आत्ता, या मोबाइलमध्ये.

"कडेला उशीर दे," सर म्हणतात. "आणि खांदा?"

आता तिला बोलायची मुभा मिळते. आवाज थोडा कापतो, पण ती माघार घेत नाही. "सर, मला तो हलकाच हवा होता. आजीने जन्मभर मांडे केलेत. तिला वजन जाणवतच नाही."

सर लगेच उत्तर देत नाहीत. तोच शॉट पुन्हा लावतात. मग म्हणतात, "मग मांडा जड काढ आणि आजीचा चेहरा निवांत ठेव. खांदा झुकू दे, कपाळावर आठी नको."

ती वहीत खांदा रेखाटते, खोडते, परत काढते. मग धुळ्याच्या मुलाकडे वळते.

"हा व्हिडिओ समोरून आहे. मला बाजूने हवाय. काकू परत करतील का?"

"आखाजी झाली ना आता."

"पुरण-कणीक मी घेऊन येते. रविवारी?"

तो तिथूनच आईला फोन लावतो.